पिठी, भात आणि दोन कापं

'ताई, मी डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला. घरात मिस्टर, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. आम्ही मूळचे कुडाळकडचे, त्यामुळे मासळी नसेल तर जेवण नाही, अशातले. श्रावण मात्र सासूबाई कडक पाळतात आणि त्यांच्यासाठी आम्हीही. त्या महिनाभर कांदा-लसूणही खात नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी उभं राहवत नाही. मला घरी यायला आठ वाजतात. त्यानंतर भाजी, आमटी, कोशिंबीर, चपात्या, भात करता करता दहा होतात आणि एवढं करून मुलगा ताटाकडे बघून विचारतो, "आज काहीच नाही?" वर त्याचं प्रोटीनपुराण. गेल्या आठवड्यात तीनदा बाहेरून मागवलं. मिस्टर साडेसातलाच घरी येतात, पण त्यांना स्वयंपाकाची सवय नाही. एरवी मी अर्ध्या तासात स्वयंपाक उरकणारी बाई आहे. श्रावणातच एवढी का दमते, कळत नाही. रात्रीसाठी काहीतरी सोपं, बिनमासळीचं सांगा. फक्त पनीर सांगू नका.
— एक दमलेली सूनबाई'

सूनबाई,

'एरवी मी अर्ध्या तासात स्वयंपाक उरकणारी बाई आहे' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. एरवी काय करता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कुडाळकडच्या घरातलं ते मला न सांगता दिसतं. आदल्या रात्री साफ करून, मीठ-हळद चोळून फ्रीजमध्ये ठेवलेले बांगडे. घरात पाऊल टाकलं की एका शेगडीवर भात, दुसरीवर कालवण. कालवण उतरलं की त्याच शेगडीवर तवा, आणि तव्यावर चार तुकड्या. चपाती असलीच तर सकाळची. ताटात भात, त्यावर आंबट-तिखट कालवण आणि बाजूला कुरकुरीत तुकडी एवढंच असतं. त्या दिवशी कोशिंबीर कुठाय म्हणून कोणी विचारत नाही, सुकी भाजी कोणाला आठवतसुद्धा नाही.

मग श्रावण लागतो. मासळी गेली म्हणून आपल्यालाच उगीच अपराधी वाटायला लागतं आणि त्या एका तुकडीची भरपाई म्हणून आपण लग्नघरासारखं डावी-उजवी बाजू भरलेलं ताट वाढायला निघतो. तेही रात्री आठ वाजता, लोकलमध्ये तासभर उभं राहून आल्यावर. दमाल नाही तर काय होईल?

आणि मुलगा 'काहीच नाही?' म्हणतो ना, तो पदार्थ मोजत नाहीये. त्याला भाताबरोबर ओरपायला काहीतरी आंबट-तिखट पातळ हवंय आणि दाताखाली काहीतरी कुरकुरीत हवंय. फ्लॉवरची सुकी भाजी, गोडं वरण आणि काकडीची कोशिंबीर, तिन्ही आपापल्या जागी चांगली. पण मासे खाणाऱ्या जिभेला ती तिन्ही एकाच सुरातली वाटतात.

तेव्हा माझं सांगणं एवढंच की मासळीच्या जेवणाचा साचा श्रावणातही तसाच ठेवा. एक पातळ, एक भात, एक कुरकुरीत. आत काय घालायचं तेवढं बदला. चपात्या रात्री करूच नका. सासूबाईंना हवी असेल तर सकाळी त्यांच्यापुरत्या दोन जास्त लाटून ठेवा.

पातळाचं पहिलं नाव मी घेतलं की तुमच्या सासूबाई हसतील, कारण ते त्यांना माहीत नाही असं होणारच नाही. कुळथाची पिठी. देशावर ज्यांना हुलगे म्हणतात आणि ज्यांचं माडगं करतात, तेच हे कुळीथ. आपल्याकडे ते भाजून, भरडून, सालं पाखडून दळतात, म्हणून पीठ आधीच भाजलेलं असतं आणि पिठी दहा-बारा मिनिटांत होते. डोंबिवलीत कोकणी मेव्याची दुकानं भरपूर आहेत, पीठ कुठेही मिळेल.

चौघांसाठी अर्धी वाटी पीठ घ्या आणि पाच वाट्या पाणी. त्यातलं एक वाटी पाणी थंडच ठेवायचं आणि पीठ त्यात हाताने कालवायचं. बोटांना एकही गुठळी लागता कामा नये. पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, हळद. त्यावर उरलेलं चार वाट्या पाणी, मीठ आणि चार आमसुलं. उकळी आली की गॅस बारीक करायचा आणि एका हाताने कालवलेलं पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. आता दोन मिनिटं तिथून हलू नका, पिठी दुधासारखी वर येते आणि शेगडी धुवायचं काम वाढवते. पुढची सहा-सात मिनिटं तिची ती शिजेल. आधी कच्च्या पिठाचा वास येतो, मग एकदम भाजल्या कुळथाचा खमंग वास घरभर सुटतो. तो आला की झाली. मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर. पातेल्यात ती जरा पातळच दिसू दे, ताटात येईपर्यंत दाटते.

कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकायचं नाही, हे मी स्वतःची फजिती करून शिकले. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी घाईघाईने तसंच केलं. सासऱ्यांनी भातावरची एक गुठळी बोटांनी उचलली, दिव्याकडे धरून नीट न्याहाळली आणि विचारलं, 'ही तुकडी खंयच्या माशाची गो?' त्यांनी खाल्ली मात्र सगळी.

आता कांदा-लसणाचं. वरची पिठी हिंग-कढीपत्त्याची आहे, ती सासूबाईंना चालेल. त्यांच्यापुरती आधी वाटीत काढून बाजूला ठेवा. मग छोट्या कढल्यात चमचाभर तेल, सात-आठ लसणीच्या पाकळ्या सालासकट ठेचून, त्या तांबूस झाल्या की गॅस बंद करून अर्धा चमचा मालवणी मसाला. मसाला जळायच्या आत ही फोडणी उरलेल्या पिठीवर ओता. पातेलं एकच, पण एका घरात दोन्ही तोंडं सांभाळली जातात. महिनाभर प्रत्येक पातळ पदार्थाला हेच करा. आधी सात्त्विक शिजवायचं, देवमाणसांचं काढून घ्यायचं, मग आपल्यासाठी चरचरीत फोडणी. दोन वेगळ्या आमट्या करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं अनुकरण करू नका.

कुरकुरीत म्हणजे कापं. हे तर तुम्हाला शिकवायलाच नको, कारण तुकड्या ज्या हाताने तळता त्याच हाताने ती होतात. सुरण, कच्ची केळी, बटाटा, यातलं जे मिळेल ते. वांग्याची फार छान होतात, पण चातुर्मासात वांगं न खाणारी घरं आहेत, तेव्हा सासूबाईंना विचारून. अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. त्याहून जाड ठेवल्या तर बाहेरून जळतात आणि आत कच्च्या राहतात. तिखट, मीठ, हळद, हिंग आणि कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, चोळून दहा मिनिटं ठेवायच्या, मग तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवायच्या. तव्यावर चमचा-दोन चमचे तेल, मध्यम आच. पहिली बाजू झाकण ठेवून चार मिनिटं, उलटली की झाकण काढून तेवढीच. झाकण ठेवलं नाही तर सुरण शिजत नाही आणि ठेवून विसरलात तर कुरकुरीत होत नाही. सुरण चिरताना हाताला तेल लावा आणि चकत्या आधी आमसुलाच्या पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे घशाला खाजणार नाही.

आणि नीरफणस! पावसाळ्यात दादर-लालबागकडे दिसतो, डोंबिवलीतही एखाद्या कोकणी भाजीवालीकडे विचारून पाहा. नीरफणसाचं काप तव्यावरून थेट ताटात आलं ना, की सुरमई आठवत नाही असं मी म्हणणार नाही, पण तिची आठवण पुढच्या घासापर्यंत लांबते.

कापं करायचंही त्राण नसेल त्या दिवशी सांडगी मिरची आणि पोह्याचे पापड. मे महिन्यात गावाहून आलेले डबे असतात ना माळ्यावर? ते याच दिवसांसाठी असतात. ते गणपतीसाठी राखून ठेवायचे, गणपतीत गोडाधोडात विसरायचे आणि पुढच्या मे महिन्यात नवे आले की जुने कामवालीला द्यायचे, ही आपल्याकडची रीत आता बंद करा.

पिठी रोज नको. दुसऱ्या पातळासाठी तुमच्या बांगड्याच्या कालवणाचं वाटणच घ्या. माझी आई श्रावणात त्या वाटणात शेवग्याच्या शेंगा सोडायची. एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि सुपारीएवढी चिंच, अगदी गंधासारखं वाटून. यात कांदा नाही, लसूण नाही. शेंगा बोटभर लांबीच्या करून मीठ-पाण्यात आठ मिनिटं शिजवायच्या, वाटण घालायचं, चार-पाच तिरफळं बिया काढून ठेचून टाकायची आणि एकच उकळी आली की उतरायचं. जास्त उकळलं की खोबरं फुटतं. तिरफळाचा वास आला की मिस्टर दारातूनच विचारतील काय आहे म्हणून. आणि शेंगेची एक खुबी आहे. ती हाताने उचलून चोखावी लागते, बोटं बरबटतात, चोथा ताटाच्या कडेला जमत जातो. मासे खाणाऱ्या माणसाचं निम्मं सुख या सगळ्या खटपटीत असतं. सुकी भाजी चपातीच्या तुकड्यात गुंडाळून गिळली की ते हाताला काही लागत नाही.

हे वाटण रविवारी तिप्पट करायचं. नारळ खवायचं काम सासूबाईंकडे द्या. बसून करायचं काम आहे, विळी त्यांची असेल आणि त्यांच्याइतका पांढराशुभ्र, काळा कण न येऊ देता खवलेला नारळ तुम्हा-मला जमत नाही. वाटणाचे तीन भाग करून छोट्या पिशव्यांत चपटे थापून फ्रीजरमध्ये टाका. चपटे अशासाठी की गोळा केलेलं वाटण सुटायला तास लागतो, चपटं दहा मिनिटांत सुटतं. सकाळी निघताना एक पिशवी खालच्या कप्प्यात काढून ठेवलीत तर तेही नको.

सोयाबीनच्या वड्यांचं मटण, मशरूमचं सुकं, असलं काही मी मुद्दाम सांगत नाहीये. चवीला वाईट नसतं. पण त्यात तोंडाला मटणाची आशा लागते आणि ताटात मटण नसतं, मग जेवणारा निम्मा वेळ तुलनेत घालवतो. पिठी कोणाचं सोंग घेत नाही. (पनीरबद्दल तुम्ही आधीच बजावलंय, तेव्हा तिथे मी गप्प.)

आता चिरंजीवांचं प्रोटीन. त्याची चेष्टा करू नका, मुद्दा बरोबर आहे. शंभर ग्रॅम कुळथात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून पिठी पौष्टिक असं आपण म्हणत आलो. पण चौघांच्या पिठीत पीठ जातं जेमतेम साठ ग्रॅम. म्हणजे माणशी साडेतीन ग्रॅमसुद्धा नाही. बांगड्याची जागा तेवढ्याने भरत नाही, हे कबूल केलेलं बरं. वाढत्या वयाच्या मुलासाठी पिठीच्या दिवशी बरोबर वाटीभर घट्ट दही आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे द्या. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिनं येतात, आणि ते त्याचे त्याला डब्यातून काढून घेता येतात.

आठवड्यातून दोनदा कडधान्याचं पातळ करा. त्यात सगळ्यात आळशी माणसाचं कडधान्य म्हणजे अख्खा मसूर. भिजवायला लागत नाही. दोनशे ग्रॅम मसूर, तिप्पट पाणी, कुकरच्या चार-पाच शिट्ट्या. त्यात तुमच्या फ्रीजरमधल्या वाटणाची पिशवी आणि दोन आमसुलं सोडली की आमटी तयार, आणि माणशी बारा-एक ग्रॅम प्रथिनं. काही घरांत चातुर्मासात मसूर चालत नाही, सासूबाईंना आधी विचारा. नसेल चालत तर मोड आलेली मटकी बाजारात तयार मिळते, तिचं तसंच. आणि काळे वाटाणे! सकाळी सातला निघताना पाण्यात टाकून जा, रात्री आठला भिजून टम्म झालेले असतात. रात्रभरच भिजवायला हवेत असं कुठे आहे? बारा तास पाण्यात पडल्याशी कारण, ते दिवसाचे असोत की रात्रीचे. काळ्या वाटाण्याच्या आमटीला खोबरं भाजून लाल करून घेतलेलं वाटण हवं, कच्चं चालत नाही. तेवढं एक रविवारी वेगळं करून ठेवा.

आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येते जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. 'मिस्टर साडेसातलाच घरी येतात, पण त्यांना स्वयंपाकाची सवय नाही.' सूनबाई, तुम्हाला तरी साडेसहाला ऑफिस सोडून आठला ओट्याशी उभं राहायची सवय आईच्या पोटातून होती का? साडेसात ते आठ हा अर्धा तास तुमच्या घरात रोज वाया जातोय. मी त्यांना कालवण करायला सांगत नाही. दोन वाट्या तांदूळ धुवायचे, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, गॅस बंद. एवढंच. (उकडा तांदूळ असेल तर पाणी जास्त लागेल, ते सासूबाई खुर्चीत बसून सांगतील आणि त्यांना सांगायला आवडेल.) ज्या दिवशी मसूर असेल त्या दिवशी कुकरच्या खालच्या भांड्यात मसूर, वरच्यात भात. शिट्ट्या मोजायला सवय लागत नाही.

त्यांच्याशी या विषयावर बोलायला बसू नका. बोलणं निघालं की दोन दिवस तेच चालेल आणि भात तुम्हीच लावाल. फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवा, त्यावर रविवारीच पाच वारांपुढे पाच नावं लिहा, आणि प्रत्येक नावापुढे साडेसातला काय करून ठेवायचं ते. 'मंगळवार, पिठी. साडेसातला भात. सुरण सोलून पाण्यात.' मुलगा अभ्यासातून उठून सुरणाच्या चकत्या करू शकतो. पहिल्या दिवशी त्या वेड्यावाकड्या होतील, एक जाड, एक कागदासारखी. तशाच तळा. कागदासारखी असेल ती सगळ्यात कुरकुरीत होते आणि तीच तो आधी उचलेल.

हा कागद लावण्यात माझा आणखी एक स्वार्थ आहे. मला वाटतं, तुम्ही दमता त्यातला बराच भाग ट्रेनमध्येच होतो. मुलुंड आलं की डोक्यात सुरू होतं, आज काय, घरात काय आहे, कोथिंबीर संपली का, मुलगा काय म्हणेल. ठाण्यापर्यंत भेंडी ठरते, कळव्याला रद्द होते. मासळीच्या दिवसांत हा प्रश्न नसतो, कारण फ्रीजमध्ये बांगडे वाट बघत असतात. तसं श्रावणातही काहीतरी आधीच वाट बघत असू दे. वाटणाची पिशवी, भिजलेले वाटाणे, पिठाचा डबा. मग ट्रेनमध्ये डोळे मिटा.

सोमवारचं वेगळं. सासूबाईंचा उपास असणार आणि तो सोडायला त्यांनी तुमच्या लोकलची वाट बघत बसणं काही बरं नाही. सोमवारी मुगाच्या डाळीची खिचडी ठेवा आणि ती साडेसातच्या माणसाकडे सोपवा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, हळद, हिंग, मीठ, साडेचार वाट्या पाणी, चार शिट्ट्या. कुकर उघडला की वर साजूक तूप, बाजूला लिंबाचं लोणचं आणि भाजलेला पापड. देवाला दाखवायला काही गोड लागतं तर केळ्याचं शिकरण दोन मिनिटांत होतं. तुम्ही पोचाल तेव्हा सासूबाई जेवून टीव्हीसमोर बसलेल्या असतील. हे एकदा करून बघा, सोमवारसारखा दिवस नाही असं तुम्हाला वाटायला लागेल.

बाहेरून तीनदा मागवलंत त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण मागवलंत काय, ते लिहिलं नाहीत. माझा अंदाज, पनीरचंच काहीतरी. म्हणूनच ती शेवटची ओळ आली असेल.

रानभाज्यांचं पण सांगून टाकते, कारण स्टेशनबाहेर या दिवसांत त्या दिसतात आणि मोह होतो. टाकळा, फोडशी, भारंगी, कर्टोली घेऊन बसलेल्या बायका असतात. जरूर घ्या, पण शनिवारी. फोडशीच्या प्रत्येक पातीतला मधला कडक दांडा ओढून काढायचा असतो. आठ वाजता ते काम हातात घेतलंत तर रडू येईल. त्यातल्या त्यात कर्टोली रात्री परवडतात. धुऊन, चकत्या करून, मोठ्या बिया झटकून तव्यावर मीठ-तिखट लावून परतली की दहा मिनिटांत कुरकुरीत. म्हणजे तीही कापंच झाली.

आणि एक गंमत बघा. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते. दोन महिने बर्फातली आणि सुकी मासळी खाऊन काढायचे, आणि ताजी मासळी यायच्या सुमाराला आपला श्रावण लागतो. माझ्या वडिलांची याबद्दल श्रावणाच्या पहिल्या दिवशी दरवर्षी तीच तक्रार असायची. आईचं उत्तरही दरवर्षी तेच असायचं. ती काही न बोलता त्यांच्या भातावर आणखी एक पळी पिठी घालायची.

उद्या उतरल्यावर एवढंच घ्या: पाव किलो कुळथाचं पीठ, अर्धा किलो सुरण आणि आमसुलं संपली असतील तर तीही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पिठीत त्यांच्याकडे ओवा घालतात की जिरं, ते मला नक्की कळवा. यावरून कुडाळचे कुठल्या वाडीतले ते सांगता येतं असं माझी आत्या म्हणायची. आजवर तिचा एकही अंदाज बरोबर आला नाही, तरी मी विचारतेच.

ता. क. : पीठ फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळी हवेत बाहेर राहिलं की आठ दिवसांत त्याला कुबट वास येतो आणि दहाव्या दिवशी आत जाळी धरते. तिथे मग श्रावण मोडल्याचं पाप.